टवका

आमच्या धाकट्यानं दोन वर्षांपूर्वी स्पोर्ट्स कार घेतली. जुनीच, एका मालकाच्या हातून आलेली, पण रंग असा की त्यात बघून कुंकू लावावं. गडद निळी, दोनच दारं आणि जमिनीला इतकी टेकलेली की माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अरं, हिची चाकं रुतल्यात की काय?" पुण्यात नोकरीला लागल्यापासून पोरगा तिच्यासाठी पैसे साठवत होता. ह्यांनी नाक मुरडलं. मी तोंडानं काही बोलले नाही, पण मनात म्हटलंच, घरातली चार माणसं बसत नाहीत ती कसली गाडी!

ती घेऊन तो पहिल्यांदा बेळगावला आला तो दिवस मला नीट आठवतो. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची म्हणून माझी घाई चालली होती. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. मी आरतीचं ताट घेऊन बाहेर आले, तर हा गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसलेला. कागलच्या जवळ पुढच्या टिपरच्या चाकाखालून खडा उडाला होता. बॉनेटच्या कडेला मोहरीएवढा टवका. निळ्या रंगात पांढुरका ठिपका. मला चष्मा लावूनही आधी तो सापडला नाही. त्याला मात्र त्यानंतर गाडीत दुसरं काही दिसेना. पुरणपोळी केली होती मी, पण त्याचं ताटात लक्ष नव्हतं.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं दशलक्षणात नवव्या दिवशी बस्तीत बसून उत्तम आकिंचन्यावरचं प्रवचन ऐकलेली बाई मी. मला वाटलं, बरं झालं, आता कळेल ह्याला.

कळायचं होतं ते मलाच, हे पुढं लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला समजावून सांगितलं. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून विजेच्या मदतीनं चढवलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हे सगळे मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीएवढे. एवढ्याशा जाडीवर त्या गाडीचं सगळं रूप उभं असतं. त्यात स्पोर्ट्स कारचं नाक खाली आणि चाकं रुंद. पुढच्या गाडीनं उडवलेले खडे नाकावर बसतात आणि स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेले मागच्या चाकांवरच्या फुगीर भागावर. आणि खडा येऊन आपटतो असं आपण म्हणतो खरं, पण बऱ्याच वेळा खडा नुसता जरासा वर उडालेला असतो, आणि गाडीच त्याच्यावर जाऊन आदळते. वेग दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो. तासाला ५० किलोमीटरला जे सहज झेललं जातं, ते १०० ला टवका काढतं.

"म्हणजे दोष खड्याचा नाही," मी म्हटलं.

"दोष कुणाचा नाही आई. गाडी चालवली की हे होणारच. हे मला कळतं. पण बघवत नाही."

कळतं पण बघवत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

अशा गाडीवाल्यापुढं तीन वाटा असतात, आणि त्यानं तिन्ही चालून बघितल्या.

पहिली वाट झाकून ठेवायची. सहा महिने गाडी पुण्यात पार्किंगमध्ये कापडाखाली होती. पण न वापरलेली वस्तूही जशीच्या तशी राहत नाही. बॅटरी उतरते, एकाच जागी उभी राहून टायर दबतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, रबराच्या पट्ट्या कडक होतात. खड्यापासून वाचलेली गाडी नुसतं उभं राहून झिजते. ठेवणीतली साडी घडीवर चिरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरी वाट कवच चढवायची. रंगावर लावायची पारदर्शक फिल्म मिळते, पॉलियुरेथेनची, रंगाच्या सगळ्या थरांहून जाड. सगळ्या गाडीला लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. त्यानं पुढच्या भागाला लावून घेतली. वाईट केलं असं मी म्हणणार नाही. जपणूक करणं हा काही दोष नव्हे. ऊन लागलं की तिच्यावरचे बारीक ओरखडे आपोआप भरून येतात, पण खोल घाव तिलाही लागतो आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. झालं असं, की पंधरा दिवसांत चिरंजीव फिल्मवरचा खड्याचा खोल वण बघून हळहळायला लागले. रंगाला जपायला फिल्म, मग फिल्मला जपायला काय? हसू नका. आपल्या घरात सोफ्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर, आणि पाहुणे आले की चादर काढायची धावपळ. रिमोटसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवणाऱ्या आपण.

तिसरी वाट सोडून द्यायची. पडले टवके तर पडू देत, आपल्याला काय! ही वाट ऐकायला वैराग्यासारखी वाटते. पण टवका पत्र्यापर्यंत गेला असेल आणि तसाच सोडला, तर पावसाचं पाणी आत शिरतं, गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरत जातो. वरून ठिपका तेवढाच दिसतो, आत पत्रा खाल्लेला असतो. कोकणातल्या, गोव्यातल्या खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. वस्तूकडं न बघणं म्हणजे अनासक्ती नव्हे. तो आळस आहे, आणि पुष्कळदा राग आहे. "मला काय त्याचं" म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात किती राग असतो ते ऐकून बघा.

तर तिन्ही वाटा अपुऱ्या. आणि मधल्या मधे एक गोष्ट घडत गेली, जिच्याकडं आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याचं गावाकडं येणं बंद झालं.

आमचं गाव निपाणीच्या बाजूला. महामार्ग सोडला की आत तीन किलोमीटर रस्ता, आणि त्या वर्षी तो उकरून खडी पसरून ठेवलेली. डांबराचा पत्ता नाही. त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र त्या खडीवरून जायचे आणि खडे बाजूला उडवायचे. बेळगावला तो यायचा, पण गावाचं नाव काढलं की म्हणायचा, "डांबर पडलं की येतो." दिवाळीला तेच. संक्रांतीला तेच. गावी माझ्या सासूबाई, वय ८६, थोरल्या दिरांकडं. त्यांचा हा सगळ्यात लाडका नातू. मी गेले की त्या कधी विचारायच्या नाहीत, "तो कधी येतोय?" त्या विचारायच्या, "रस्ता झाला काय गं?"

दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून किंवा एसटीनं येता आलं नसतं का? आलं असतं. मीही हे त्याला उशिराच विचारलं. पण एकदा वस्तूच्या भीतीनं आपला रस्ता आखायला सुरुवात केली, की दुसरे रस्ते सुचतच नाहीत. भीती तशीच असते.

आपल्याकडं परिग्रहाचे २४ प्रकार मोजतात. त्यांतले बाहेरचे दहा: शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी असे. आणि आतले चौदा. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना मला कोडं पडायचं की क्रोध, भय, शोक हे परिग्रह कसे? ते काय आपण विकत आणून घरात ठेवतो? आता वाटतं, होय, तसंच असतं. माझ्या मुलानं गाडी एकच घेतली, पण तिच्याबरोबर भय आलं, शोक आला आणि क्रोधही दारात येऊन उभा राहिला. पैसे गाडीचे मोजले. ह्यांची किंमत मागाहून चुकवायची होती.

शेवटी गेल्या जानेवारीत मी जरा कडक बोलले, आणि तो आला. गाडी घेऊनच आला, आज्जीला दाखवायची म्हणून. तीन किलोमीटरला अर्धा तास लावला म्हणे. अंगणात गाडी उभी राहिली, सगळं घर भोवती जमलं. दिरांचा नातू, नऊ वर्षांचा, त्याच्या तर आनंदाला पारावार नाही. चित्रात बघितलेली गाडी आपल्या दारात! काकाला काहीतरी मदत करावी असं त्या पोराच्या मनात आलं असणार. काका वाकून वाकून टवके शोधतोय हे त्यानं बघितलं, आणि तोही गाडीभोवती फिरून मोजायला लागला. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून, मोठ्यानं. "सतरा... अठरा... काका, हितं अजून एक हाय! तेवीस झाले!"

"हात लावू नको! कळत नाही तुला?"

असा आवाज त्या अंगणात कुणी काढला नव्हता. पोरानं हात मागं घेतला आणि पाठीमागं लपवला. काही चोरलं असल्यासारखा. मग हळूच आत गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी चांगली हाय बाळा. खरं, हिला लई राखण लागती."

रात्री सगळे झोपल्यावर मी धाकट्याला घेऊन ओसरीवर बसले. माझं प्रवचन तयार होतं. वस्तूपायी माणसाला दुखवू नये, लहान लेकरू ते, आपला धर्म काय सांगतो, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, एक विचारू? ती गोव्याची बशी आठवते तुला?"

मला आठवेना.

"१९९४. मी सात वर्षांचा होतो. मडगावहून आणलेला कपबशांचा सेट. शोकेसमधून काढून मी त्यात दूध पीत होतो. बशीच्या कडेचा टवका उडाला. तू मला मारलं नाहीस. पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस."

मी गप्प बसले. बशी आठवली. ती अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, टवका उडालेली बाजू भिंतीकडं करून ठेवलेली. ती बाजू भिंतीकडं मीच फिरवली होती, हेही आठवलं. मुलाशी न बोललेले दोन दिवस मात्र मला आठवत नव्हते. माझ्या लक्षात बशी राहिली. त्याच्या लक्षात दोन दिवस राहिले.

तीस वर्षांत त्या सेटमधून कुणी चहा प्यालं नाही. त्या बशीची किंमत असेल पन्नास-साठ रुपये, आणि त्याच्या गाडीची तिच्या कितीतरी हजार पट. पण आत जे घडलं ते दोन्हीकडं सारखंच. तत्त्वार्थसूत्रानं परिग्रहाची खूण म्हणून वस्तू मोजायला सांगितलेल्या नाहीत, मूर्च्छेकडं बोट दाखवलं आहे. मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं. हा शब्द किती नेमका आहे हे मला त्या रात्री कळलं. बशीचा टवका बघितला तेव्हा समोर सात वर्षांचं लेकरू उभं आहे ह्याची मला शुद्ध नव्हती.

इथं एक पळवाट आहे, तीही सांगते. कुणी म्हणेल, मूर्च्छा नसली की झालं. मग घरात दहा गाड्या का असेनात! हे आपल्या समाजात मी पुष्कळ ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याकडं दहा असतात त्यांच्याकडूनच. श्रावकाला परिमाणाचं व्रत उगीच सांगितलेलं नाही. वस्तू वाढली की तिच्यावर पडायला खडेही वाढतात, आणि शुद्ध हरपायच्या जागाही. माझ्या मुलानं ती गाडी घ्यायला हवी होती का, ह्याचं उत्तर माझ्या मनाशी अजून "नको" असंच आहे. पण घेतली आहे ना? आता त्या गाडीबरोबर आणि तिच्या तेवीस टवक्यांबरोबर नीट कसं राहायचं, हा वेगळा प्रश्न आहे. संसारातले बरेच प्रश्न हे असे, घेऊन झाल्यानंतरचेच असतात.

मला त्यातून एक साधी कसोटी सापडली. वस्तूला टवका पडला की बघायचं, तो टवका कुठपर्यंत गेला. वरच्या थरापर्यंत गेला तर राहू द्यावा. पत्र्यापर्यंत गेला तर भरावा, नाहीतर गंज चढेल. आणि माणसापर्यंत गेला, तर आधी गाडी सोडून त्या माणसाकडं जावं. कारण पत्र्याचा टवका उद्याही भरता येतो. सात वर्षांच्या मुलाचा मला तीस वर्षांनी दिसला.

हे मी त्याला सांगितलं का? नाही. मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं रे तेव्हा." आपल्याकडं क्षमावणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, ओळखीच्या, बिनओळखीच्या, फोनवर दोनशे जणांना एकच निरोप पाठवतो. ज्याची खरोखर मागायची तो पुष्कळदा घरातच असतो.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर अंगणात काका-पुतण्या दोघं गाडीच्या पुढ्यात बसलेले. गाडीच्या रंगाचा क्रमांक गाडीतच एका पट्टीवर छापलेला असतो. त्या रंगाची नखाला लावायच्या रंगाएवढी बाटली त्याच्याजवळ होती, कित्येक महिने न उघडलेली. टवका धुवायचा, स्पिरिटनं पुसून कोरडा करायचा, दातकोरण्याच्या टोकावर रंगाचा थेंब घ्यायचा आणि अलगद टवक्यात ठेवायचा. एकदम जाड थेंब ठेवला तर फोड आल्यासारखा दिसतो, म्हणून थोडा ठेवून वाळू द्यायचा, मग परत थोडा. शेवटी पारदर्शक रंगाचा थेंब. पोरगं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून थेंब ठेवत होतं.

तेवीसपैकी चार पत्र्यापर्यंत गेलेले निघाले. ते चार भरले. बंपरवरचे सोडून दिले, कारण बंपर प्लॅस्टिकचा, त्याला गंज कुठला! भरलेलेही तंतोतंत जुळले नाहीत. ह्या चमकत्या रंगांत धातूचे बारीक कण असतात, आणि कारखान्यात ते जसे निजतात तसे दातकोरण्यानं निजत नाहीत. जवळ गेलं की चार ठिपके कळतात. एक तर त्या पोराच्या हातून जरा बाहेर ओघळलाय. तो पुसता आला असता. धाकट्यानं पुसला नाही.

परदेशात जुन्या मोटारींची मोठी प्रदर्शनं भरतात. त्यांतल्या कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात नव्यानं न रंगवलेल्या, मूळ रंग टिकवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो, असं धाकट्यानं मला सांगितलं. तिथं टवके, भेगा, उडालेला रंग ह्यांच्यासकट गाडीला मान मिळतो. मी म्हटलं, आपल्या घरी तांब्याच्या हंड्याला पडलेला पोचा बघून आजही सांगतात, हा अमक्याच्या लग्नात पडला. पोचा काढून घ्या असं कुणी म्हणत नाही.

मग आज्जीला गाडीत बसवायचं ठरलं. बसवणं सोपं होतं, त्या जवळजवळ पडल्याच आत. खडीवरून बस्तीपर्यंत गेले आणि आले. उतरवायला मात्र तिघं लागले. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "बसलं की आभाळ तेवढं दिसतंय." वाटेत टक् टक् दोन आवाज झाले, असं धाकटा म्हणाला. तो थांबला नाही.

बेळगावला परत आल्यावर मी शोकेस उघडली. सेट धुतला आणि रोजच्या कपाटात ठेवला. आता त्यातून चहा होतो. कामाला येणाऱ्या मावशी तीच बशी घासतात, आणि सिंकमध्ये काही आपटल्याचा आवाज आला की आजही माझा जीव खालीवर होतो. तोंडाशी शब्द येतात. मी जागची उठत नाही, इतकंच.